टेप ड्राइव्ह ‘गेला’ म्हणण्याआधी

सकाळी बॅकअपचा रिपोर्ट लाल दिसला की निदान ठरलेलं असतं: ड्राइव्ह गेला. मग व्हेंडरला फोन, नव्या ड्राइव्हचं लाखांतलं कोटेशन आणि अकाउंट्सशी वाद. पण एलटीओ, म्हणजे बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या चुंबकी टेपच्या कार्ट्रिजचा, ड्राइव्ह तसा दणकट असतो. टेप खराब असो, हेडवर घाण बसलेली असो, केबल ढिली असो, डेटा पुरवणारी डिस्क मंद असो की सॉफ्टवेअरचं सेटिंग चुकलेलं असो, संशय मात्र पहिला ड्राइव्हवरच घेतला जातो, कारण एरर त्याच्या नावाने येते.

हे लिखाण एलटीओ-५ ते एलटीओ-९ या पिढ्यांच्या, एसएएस (डिस्क आणि टेप जोडायची पद्धत) केबलने लिनक्स सर्व्हरला जोडलेल्या सुट्या ड्राइव्हबद्दल आहे. लायब्ररीत बसवलेल्या ड्राइव्हलाही यातलं बरंचसं लागू पडतं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाकायच्या.

आधी काय करायचं नाही ते पाहू. सर्व्हर किंवा ड्राइव्ह लगेच बंद-चालू करू नका, त्यात पुरावा जातो. तीच टेप पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू नका. ‘बघू या तरी’ म्हणून क्लीनिंग टेप घालू नका. आणि अडलेल्या टेपवर एखाद्या डेटाची एकुलती एक प्रत असेल, तर टेप बाहेर येताच तिच्या कोपऱ्यातली राइट-प्रोटेक्टची छोटी पट्टी सरकवून कुलपाच्या बाजूला न्या. तपासाच्या गडबडीत चुकीची कमांड जाते आणि टेपच्या सुरुवातीलाच नवं काहीतरी लिहिलं जातं. एलटीओत त्यानंतर पुढचा जुना डेटा नेहमीच्या मार्गाने वाचता येत नाही, मग तो भौतिकदृष्ट्या टेपवर असला तरी.

ड्राइव्हलाच विचारा

प्रत्येक एलटीओ ड्राइव्ह स्वतःची डायरी ठेवतो. तिच्यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे टेपअलर्ट. हे ६४ झेंडे असतात आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला असतो. ‘एसजी३-यूटिल्स’ पॅकेजमधल्या ‘एसजी-लॉग्ज’ कमांडने २ई क्रमांकाचं पान मागितलं की ते दिसतात. ‘एमटीएक्स’ पॅकेजमधली ‘टेपइन्फो’ कमांडही तेच सांगते, जरा वाचनीय भाषेत.

इथे एक मेख आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे पुष्कळ तपास फसतात. हे पान वाचलं की झेंडे पुसले जातात. म्हणून पहिल्याच वेळी आउटपुट फाइलमध्ये वळवा. बॅकअप सॉफ्टवेअर दर जॉबनंतर हेच पान वाचत असेल, तर तुम्ही विचाराल तेव्हा सगळी शून्यं दिसतील आणि ‘ड्राइव्ह तर ठणठणीत म्हणतोय’ असा समज होईल. अशा वेळी झेंडे त्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये शोधायचे.

झेंड्यांचा अर्थ लावताना गट लक्षात ठेवले की पुरे. ३ ते ६ हे लिहिण्या-वाचण्यातल्या गंभीर चुकांचे झेंडे. त्यांतला ४ सरळ टेपकडे बोट दाखवतो, पण ३, ५, ६ आले तर दोष टेपचा की ड्राइव्हचा हे अजून ठरलेलं नसतं. ७ म्हणजे टेपचं आयुष्य संपलं, १९ म्हणजे संपत आलं. १५ म्हणजे कार्ट्रिजमधली मेमरी चिप वाचता येत नाही. २० म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे नेहमीची सफाई करायची वेळ झाली, २२ म्हणजे घातलेली क्लीनिंग टेप संपलेली आहे. ३० आणि ३१ हे हार्डवेअरचे. हे आले तर मात्र ड्राइव्हवरचा संशय रास्त. ३२ इंटरफेसचा, म्हणजे केबल, कनेक्टर किंवा कार्ड. ३६ तापमानाचा. १८ आणि ५१ म्हणजे टेपवरची डिरेक्टरी, अर्थात कुठला डेटा टेपवर कुठे आहे याची ड्राइव्हची अंतर्गत यादी, बिघडली आहे. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. फक्त पुढे-मागे जायला खूप वेळ लागतो. राइट-प्रोटेक्ट काढून टेप शेवटपर्यंत एकदा वाचली की ड्राइव्ह ती यादी पुन्हा तयार करतो.

ड्राइव्हच्या दर्शनी भागावर एक अक्षर दाखवणारा छोटा डिस्प्ले असेल, तर त्याचाही फोटो काढून ठेवा. आयबीएमच्या ड्राइव्हवर १ म्हणजे कूलिंग, २ म्हणजे वीजपुरवठा, ३ म्हणजे फर्मवेअर, ५ म्हणजे ड्राइव्हचं हार्डवेअर, ६ म्हणजे ड्राइव्ह किंवा टेप, ७ म्हणजे बहुतेक टेपच, ८ म्हणजे ड्राइव्ह किंवा बस, आणि सी म्हणजे सफाई हवी. ६ आणि ७ मधला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ७ आला तर आधी टेप बदलून पाहायची.

कर्नल लॉगमधलं एक आकडी उत्तर

त्यानंतर ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड. त्यात ‘एसटी’ या टेपच्या ड्रायव्हरच्या ओळींत सेन्स की, म्हणजे चुकीचा प्रकार सांगणारा कोड, सापडते. ३ असेल तर मीडियम एरर, म्हणजे टेपवरचं लिहिणं-वाचणं अडलं. ४ असेल तर हार्डवेअर एरर. बी असेल तर कमांड अर्ध्यात तुटली, आणि याच्या आसपास ४७ क्रमांकाचा जोडकोड (सेन्स कीसोबत येणारा दुसरा कोड) दिसला तर तो सीआरसीचा किंवा पॅरिटीचा दोष, म्हणजे डेटा वाटेत बिघडतो आहे, केबल हातात घ्या. ८ म्हणजे पुढे टेप कोरी आहे. ही पुष्कळदा चूक नसतेच, तुम्ही शेवटच्या फाइलच्या पुढे वाचायला गेला आहात एवढंच. २ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, आणि जोडकोड ३ए असेल तर आत टेपच नाही. ६ म्हणजे नुसती सूचना: टेप बदलली गेली किंवा ड्राइव्ह रीसेट झाला. पण जॉब चालू असताना मध्येच ६ आणि २९ ही जोडी आली, तर कुणीतरी ड्राइव्हला रीसेट केलं आहे. तो ‘कुणीतरी’ म्हणजे बहुधा केबल, कार्ड, डगमगणारा वीजपुरवठा किंवा त्याच ड्राइव्हवर हक्क सांगणारा दुसरा सर्व्हर.

७ म्हणजे डेटा प्रोटेक्ट. याची दोन कारणं असतात आणि लोक एकच तपासतात. जोडकोड २७ असेल तर कार्ट्रिजची पट्टी सरकलेली आहे. ७४ असेल तर टेप एन्क्रिप्ट केलेली आहे आणि ड्राइव्हकडे किल्ली नाही. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच २५६ बिटचं एईएस एन्क्रिप्शन असतं. सर्व्हर बदलला, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि किल्ली जुन्या मशीनवर राहिली, की काल वाचता येणारी टेप आज ‘खराब’ होते.

५ आणि ३० ही जोडी म्हणजे पिढी जुळत नाही. एलटीओ-७ पर्यंतचा ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचत असे. एलटीओ-८ पासून हा शिरस्ता मोडला: एलटीओ-८ ड्राइव्ह ८ आणि ७ एवढंच वाचतो, एलटीओ-९ ड्राइव्ह ९ आणि ८. २०१२-१३ च्या एलटीओ-६ टेपांचं कपाट असलेल्या कार्यालयाने नवा एलटीओ-८ घेतला तर त्यातली एकही टेप त्याला वाचता येणार नाही. यात आणखी एक फाटा आहे. कोरी एलटीओ-७ टेप एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये ‘एम८’ पद्धतीने तयार केली की तिच्यात ६ ऐवजी ९ टीबी मावतात, पण ती टेप नंतर एलटीओ-७ ड्राइव्हला ओळखू येत नाही. कार्ट्रिजच्या प्लास्टिकवर एलटीओ-७ असंच छापलेलं असतं. बारकोडची शेवटची दोन अक्षरं पाहिल्याशिवाय घोळ सुटत नाही.

टेप की ड्राइव्ह

संशयित टेप एक, चांगली टेप एक. चांगली म्हणजे त्याच पिढीची आणि जिच्यातला डेटा गेला तरी चालेल अशी. चांगल्या टेपवर निदान शंभर-दोनशे जीबी लिहून परत वाचा. पाच-दहा एमबीची चाचणी काहीच सांगत नाही. एलटीओ-६ टेप पूर्ण भरायला हेडला १३६ फेऱ्या माराव्या लागतात, एलटीओ-८ ला २०८. थोडंसं लिहिलं तर तुम्ही पहिल्या फेरीच्या सुरुवातीलाच असता आणि टेपच्या रुंदीचा बहुतेक भाग तपासलाच जात नाही.

चांगली टेप नीट चालली तर दोष संशयित टेपचा. चांगलीही अडली तर ड्राइव्ह, हेडवरची घाण किंवा केबल. दुसरा ड्राइव्ह हाताशी असेल तर मोह होतो की संशयित टेप त्यात घालून पाहावी. तिची आधी डोळ्यांनी तपासणी झाल्याशिवाय तसं करू नका. कडा चुरगळलेली किंवा पावडर सोडणारी टेप दुसऱ्या ड्राइव्हचं हेडही घाण करते, आणि मग दोन ड्राइव्ह ‘बिघडतात’.

टेप कुठून बिघडून आली याचा माग कार्ट्रिजच्या चिपमध्ये असतो. ‘एसजी-रीड-अॅटर’ कमांड चालवा. टेप किती वेळा लोड झाली, आजवर तिच्यावर किती लिहिलं गेलं, किती जागा उरली आणि शेवटच्या चार वेळा ती कुठल्या कुठल्या सीरियल नंबरच्या ड्राइव्हमध्ये गेली होती, हे सगळं कळतं. चार वेगवेगळ्या टेपा अडल्या आणि चौघींच्या चिपमध्ये एकच सीरियल नंबर समान निघाला, तर आरोपी सापडला.

चुकांची आकडेवारी ‘एसजी-लॉग्ज’च्या ०२ आणि ०३ या पानांवर असते: ०२ लिहिण्याची, ०३ वाचण्याची. न सुधारलेल्या चुका शून्यच हव्यात. पुन्हा लिहाव्या लागलेल्या ब्लॉकचा आकडा मात्र शून्य नसतो, आणि त्याला घाबरायचं कारण नाही. एलटीओत लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारं हेड असतं, ते लगेच पडताळतं आणि डाग आढळला तर तोच भाग टेपवर पुढे परत लिहिला जातो. तुम्हाला काही कळत नाही, फक्त जागा आणि वेळ जातो. म्हणून हा आकडा दर जीबीमागे काढून त्याच ड्राइव्हवरच्या इतर टेपांशी ताडून पाहायचा. एखाद्या टेपचा आकडा इतरांच्या कित्येक पट निघाला तर ती बाजूला काढा. २.५ टीबीची टेप २.१ टीबीलाच ‘भरली’ म्हणते तेव्हा कारण बहुतेक हेच असतं. अर्थात त्याआधी खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. एलटीओ-६ च्या खोक्यावरचे ६.२५ टीबी हे २.५ पट कॉम्प्रेशन गृहीत धरून लिहिलेले असतात. व्हिडिओ, झिप केलेल्या किंवा आधीच एन्क्रिप्ट झालेल्या फाइली आणखी दबत नाहीत.

सफाईबद्दल

क्लीनिंग टेप खरखरीत असते आणि हेड झिजवते. ड्राइव्हने मागितली की घालायची, दर सोमवारी पूजेसारखी नाही. साधारण ड्राइव्हमध्ये आतला ब्रश हेड आपोआप झाडत असतो. सर्वत्र चालणारं युनिव्हर्सल क्लीनिंग कार्ट्रिज साधारण ५० वेळा वापरता येतं. मोजणी चिपमध्येच होते, त्यामुळे वर पेनने खुणा केल्या नसल्या तरी संपलेलं कार्ट्रिज ड्राइव्ह लगेच बाहेर टाकतो. लोक याला ‘ड्राइव्ह क्लीनिंग टेपही घेत नाही’ म्हणतात. कार्ट्रिज नवं घेऊन पाहा.

सफाई होऊन टेप आपोआप बाहेर येईपर्यंत थांबा. डिस्प्लेवरचा सी गेला आणि पुढच्या एक-दोन जॉबनंतर परत आला, तर पुन्हा पुन्हा साफ करत बसू नका. मधल्या काळात कुठली टेप आत गेली होती ते शोधा. तीच घाण करत असते. टेप बदलत राहिल्या आणि सी येतच राहिला तर हेड झिजलं आहे, तिथे सफाईचा उपयोग नाही. कापूस आणि स्पिरिट ही डीडीएस-डॅट या जुन्या टेपांच्या जमान्यातली सवय एलटीओच्या हेडला लावू नका.

त्याच जमान्यातली आणखी एक घातक सवय म्हणजे टेप ‘पूर्ण कोरी’ करायला तिच्यावरून चुंबकी इरेझर फिरवणं. एलटीओ टेपवर कारखान्यातच पाच सर्व्हो पट्टे लिहिलेले असतात, त्यांच्या आधाराने हेड रांगेत राहतं. इरेझर ते पट्टेही पुसतो आणि ड्राइव्हला ते परत लिहिता येत नाहीत. ती टेप कायमची कचऱ्यात.

केबल, कार्ड आणि दिसेनासा झालेला ड्राइव्ह

जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या ‘एलएसस्कझी’च्या यादीत ड्राइव्ह दिसतच नसेल तर क्रमाने जा. ड्राइव्हला वीज आहे का आणि सुरू होतानाची त्याची स्वतःची तपासणी पूर्ण झाली का? कार्ड कुठलं? पुष्कळ रेड कार्डं (अनेक डिस्क एकत्र बांधणारी) टेप ड्राइव्हला ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचूच देत नाहीत. टेपला साधं एचबीए, म्हणजे नुसतं जोडणी देणारं कार्ड, हवं. केबलचं टोक कुठलं? ६ गिगाबिटच्या जुन्या बाहेरच्या केबलला एसएफएफ-८०८८ कनेक्टर असतो, १२ गिगाबिटच्या कार्डाला एसएफएफ-८६४४. दोन्ही टोकं वेगळी असलेली तयार केबल मिळते, ती घ्या. मध्ये अॅडॉप्टर जोडत गेलात तर प्रत्येक जोड बिघाडाची जागा होते. ड्राइव्ह यादीत आहे पण त्याच्यापुढे ‘एसटी’चं नाव नाही, तर फक्त ‘एसटी’ मॉड्यूल लोड व्हायचं राहिलं आहे.

अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला लिनक्स चांगला पुरावा देतं. ‘सिस’ फाइलप्रणालीत ‘क्लास’खाली ‘एसएएस-फाय’ डिरेक्टरी असते आणि तिथे प्रत्येक लिंकसाठी चुकीच्या डीवर्डची (तारेतून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची) आणि तुटलेल्या सिंकची मोजणी सापडते. आकडे आज लिहून ठेवा, रात्रीच्या जॉबनंतर परत पाहा. वाढले असतील तर केबल बदला, मग पोर्ट, मग कार्ड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिन्ही एकदम बदलली तर चालू होईल खरं, पण खराब केबल कपाटात परत जाईल आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या सर्व्हरला लागेल.

एलटीओ-४ किंवा त्याआधीचा समांतर स्कझीचा ड्राइव्ह कुठे अजून चालत असेल, तर तिथे पहिला प्रश्न टर्मिनेटरचा, म्हणजे केबलचं टोक बंद करणाऱ्या बुचाचा. साखळीच्या दोन्ही टोकांना हवा, मधे कुठेही नको.

दोन ड्राइव्ह असतील तर रीबूटनंतर क्रमांक उलटू शकतात आणि शून्य क्रमांकाचा ड्राइव्ह एक होतो. सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक देऊ नका. ‘डेव्ह’खालच्या ‘टेप’ डिरेक्टरीतल्या ‘बाय-आयडी’मधलं सीरियल नंबरचं नाव द्या.

बिघाड नसून मंदपणा

रात्री दहाला सुरू झालेला जॉब सकाळी ऑफिस उघडलं तरी चालूच आहे, ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिच्यात ड्राइव्हचा दोष सर्वांत कमी असतो. गणित सोपं आहे. एलटीओ-६ चा मूळ वेग सेकंदाला १६० एमबी. २.५ टीबीला सव्वाचार तासांहून थोडं जास्त लागायला हवं. डेटा सेकंदाला ३० एमबीनेच येत असेल तर तीच टेप २३ तास घेते.

शिवाय नुकसान फक्त वेळेचं नसतं. डेटा पुरेसा आला नाही की ड्राइव्ह आपला वेग खाली आणतो, साधारण कमाल वेगाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. त्याहून कमी आला तर टेप थांबते, थोडी मागे जाते आणि परत धाव घेते. याला शू-शायनिंग म्हणतात. ड्राइव्हजवळ कान नेला तर पुढे-मागे होणाऱ्या मोटरचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. रात्रभर हे चाललं तर टेप आणि हेड दोन्ही झिजतात, आणि मग खरोखरच मीडियम एरर येऊ लागतात.

म्हणून वेग दोन तुकड्यांत मोजा. आधी नुसता स्रोत. डिरेक्टरीचा ‘टार’ (फाइलींचं एकत्र गाठोडं) करून तो पाइपने वेग दाखवणाऱ्या ‘पीव्ही’तून, आलेलं सगळं टाकून देणाऱ्या ‘नल’ डिव्हाइसकडे पाठवा. सरळ ‘टार’ला ‘नल’वर लिहायला सांगू नका. जीएनयू टार ते ओळखतो आणि फाइली न वाचताच पुढे जातो, मग अचाट वेग दिसतो. नंतर नुसता ड्राइव्ह. ‘डेव्ह’खालच्या ‘एसएचएम’मध्ये, म्हणजे रॅममध्ये, दहाएक जीबीची यादृच्छिक डेटाची फाइल बनवा आणि ती टाकाऊ टेपवर ‘डीडी’ने लिहा. ‘झिरो’ डिव्हाइस वापरू नका. शून्यं कॉम्प्रेशनमध्ये विरघळतात आणि आकडा फुगतो. ड्राइव्ह एकटा १५० च्या आसपास आणि स्रोत एकटा ३५ देत असेल, तर ड्राइव्हवाल्याला फोन करून काही मिळणार नाही.

स्रोत मंद असण्याची नेहमीची कारणं दोन. लाखो बारीक फाइली असलेली फिरती डिस्क, आणि १ गिगाबिटचं नेटवर्क. गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला ११० ते ११८ एमबीपेक्षा जास्त येत नाही. ३०० एमबीचा एलटीओ-७ त्यावर कधीच पूर्ण वेगाने धावणार नाही. उपाय म्हणजे बॅकअप आधी स्थानिक एसएसडीवर मोठ्या फाइलींच्या स्वरूपात उतरवायचा आणि तिथून टेपवर. ते जमत नसेल तर स्रोत आणि ड्राइव्ह यांच्या मधे ‘एमबफर’ हा डेटा साठवून धरणारा प्रोग्राम घाला, ४ ते ८ जीबीचा, आणि तो ८० टक्के भरल्याशिवाय लिहायला सुरुवात करू नको असं त्याला सांगा. सरासरी वेग याने वाढणार नाही, पण टेप दर काही सेकंदांनी थांबण्याऐवजी मोठ्या टप्प्यांत धावेल.

ब्लॉकचा आकारही पाहा. ‘टार’चा मूळ ब्लॉक १० केबीचा असतो, तो एलटीओसाठी फारच लहान आहे. ‘बी’ पर्यायाला ५१२ दिलं की २५६ केबी होतो. बहुतेक ठिकाणी एवढा पुरतो. कार्डाच्या मर्यादेपलीकडे नेला तर लिहितानाच एरर येते.

सॉफ्टवेअरचे जुनेच सापळे

‘एसटी’ आणि ‘एनएसटी’ ही एकाच ड्राइव्हची दोन नावं आहेत. पहिल्यावरचं काम संपलं की टेप आपोआप सुरुवातीला जाते, दुसऱ्यावर ती आहे तिथेच थांबते. स्क्रिप्टमध्ये एक ‘एन’ लिहायचा राहून गेला की सोमवारचा बॅकअप मंगळवारच्याखाली गाडला जातो, आणि रिपोर्ट मात्र दोन्ही दिवस हिरवा.

परत वाचताना ‘मेमरी मिळू शकत नाही’ अशी एरर आली तर सर्व्हरची रॅम वाढवू नका. टेपवरचा ब्लॉक तुम्ही मागितलेल्या आकारापेक्षा मोठा आहे एवढाच त्याचा अर्थ. टेप हाताळणाऱ्या ‘एमटी’ कमांडने ब्लॉक शून्यावर, म्हणजे बदलत्या आकारावर ठेवा, ‘डीडी’ने १ एमबीचा एकच ब्लॉक वाचा आणि किती बाइट आले ते पाहा. २,६२,१४४ आले तर ब्लॉक २५६ केबीचा. टेप गुंडाळून सुरुवातीला न्या आणि त्याच आकाराने वाचा.

‘डिव्हाइस बिझी’ आलं तर ड्राइव्ह कोण वापरतंय ते सांगणारी ‘एफयूझर’ लावून पाहा, बहुधा बॅकअपची सेवाच ड्राइव्ह धरून बसलेली असते. ‘एमटी स्टेटस’मध्ये घनतेच्या कोडपुढे ‘नो ट्रान्सलेशन’ दिसलं तर ‘एमटी’ जुनी आहे, टेप ठीक आहे. एलटीओ-६ चा कोड ५ए, ७ चा ५सी, ८ चा ५ई, ९ चा ६०.

मुंबईतल्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओंमध्ये कॅमेऱ्याचं मूळ फुटेज एलटीएफएस पद्धतीने, म्हणजे टेप डिस्कसारखी फाइली-फोल्डरांत दिसेल अशी, टेपवर ठेवतात. तिथला ठराविक बिघाड म्हणजे अनमाउंट न करता वीज गेली किंवा कुणी केबल काढली. एलटीएफएसची अनुक्रमणिका सहसा दर पाच मिनिटांनी आणि अनमाउंट करताना टेपवर उतरते. मधलं शेवटचं राहून गेलं की टेप माउंट होत नाही. ‘एलटीएफएस-सीके’ ही दुरुस्तीची कमांड आधी कुठलेही खास पर्याय न देता चालवा. अनुक्रमणिकेत नसलेला डेटा हवा असेल तर फुल रिकव्हरी. टेपवर डेटा संपल्याची खूणच नसेल तर डीप रिकव्हरी, पण ती शेवटची पायरी. टेप पुन्हा फॉरमॅट करू का असं विचारणारी खिडकी आली तर माउसला हात लावू नका.

अडकलेली टेप

बटण दाबलं आणि टेप आली नाही, तर दोन मिनिटं थांबा. शेवटाला असलेली टेप गुंडाळून यायलाच मिनिट-दीड मिनिट लागतं. लाइट लुकलुकत असेल तर ड्राइव्ह काम करतो आहे. नंतर ‘एमटी’ची ‘ऑफलाइन’ कमांड. तरी नाही तर सॉफ्टवेअरने बाहेर काढायला बंदी घातलेली असू शकते. त्याची सेवा थांबवा आणि ‘एसजी-प्रिव्हेंट’ला ‘अलाउ’ पर्याय देऊन बंदी उठवा. मग बटण दहा सेकंद दाबून धरा. त्याने जबरदस्तीने टेप बाहेर काढली जाते किंवा ड्राइव्ह रीसेट होतो, आणि लिहिणं चालू असेल तर शेवटची खूण राहून जाऊ शकते. सगळ्यात शेवटी वीज बंद करून चालू. आत टेप असताना चालू झालेला ड्राइव्ह तिला फार सावकाश गुंडाळतो. दहा मिनिटं तरी हात मागे बांधून उभे राहा. स्क्रूड्रायव्हर काढायचा नाही.

बाहेर आलेल्या किंवा हातातून पडलेल्या कार्ट्रिजची कोपऱ्यातली सरकती झडप उघडून आत पाहा. टेपच्या टोकाला धातूची बारीक लीडर पिन असते. ती दोन्ही बाजूंना खाचेत सरळ बसलेली हवी. तिरकी असेल, निसटून आत गेली असेल किंवा कार्ट्रिज हलवल्यावर खडखड आवाज येत असेल, तर ते ड्राइव्हमध्ये घालू नका. पिन परत बसवायचं किट मिळतं, पण ते वापरून डेटा एकदाच दुसऱ्या टेपवर उतरवायचा आणि जुनी बाद करायची.

पावसाळा आणि रविवारी बंद होणारा एसी

आयबीएमच्या अल्ट्रियम कार्ट्रिजच्या तपशिलात वापराच्या वेळची आर्द्रता १० ते ८० टक्के आणि वेट बल्ब तापमान (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचं) जास्तीत जास्त २६ अंश दिलेलं आहे. दीर्घकाळ साठवणीसाठी १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे आकडे एसीशिवाय पाळता येत नाहीत. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की वेट बल्ब २७ च्या वर जातो. सर्व्हर रूमचा एसी शनिवारी रात्री वीज वाचवायला बंद होत असेल आणि फुल बॅकअप नेमका रविवारी लागत असेल, तर सोमवारच्या मीडियम एररचं कारण हार्डवेअरमध्ये शोधू नका. जॉबची वेळ बदला किंवा एसीची.

दुसऱ्या इमारतीतून आणलेल्या, पावसात गाडीतून आलेल्या टेपा खोक्यासकट २४ तास सर्व्हर रूममध्ये राहू द्या, मग उघडा. एलटीओ-९ ला हे जास्तच लागू आहे. त्याची कोरी टेप पहिल्यांदा आत गेली की ड्राइव्ह तिची मोजदाद करतो, सरासरी ४० मिनिटं आणि कधी दोन तासांपर्यंत. या वेळात सॉफ्टवेअर ‘लोड होत नाही’ म्हणून टाइमआउट देतं आणि लोक टेप खेचून बाहेर काढतात. टाइमआउट वाढवा, आणि नव्या टेपा जिथे वापरायच्या त्याच खोलीत, वातावरणाला सरावल्यावर, आधीच एकेक करून तयार करून ठेवा.

तापमानाचा ३६ क्रमांकाचा झेंडा आला तर ड्राइव्हच्या मागचा पंखा, धूळ आणि भिंतीपासूनचं अंतर बघा. साध्या पीसीच्या पेटीत आडव्या बसवलेल्या ड्राइव्हला समोरून मागे वाहणारी हवा मिळत नाही, ही नेहमीची गोष्ट.

खरंच ड्राइव्ह गेला असेल तर

३० किंवा ३१ येतो आहे, सेन्स की ४ आहे, चांगल्या टेपाही अडतात, केबल बदलून पाहिली. आता फर्मवेअर एकदा पाहा, आणि अपडेट करायचं तर यूपीएसवर आणि मध्ये वीज न तोडता. तरीही तेच, तर कंपनीच्या साधनाने ड्राइव्हचा पूर्ण डंप, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदींची फाइल, काढा: आयबीएमचं आयटीडीटी, एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स, क्वांटमचं एक्सटॉक. डंप, सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती, पहिल्यांदा वाचलेले झेंडे आणि ‘डीमेसेज’च्या ओळी एकत्र पाठवल्या तर सपोर्टवाले ‘आधी क्लीनिंग करून बघा’च्या फेऱ्यात घालत नाहीत. आत टेप अडकलेली असेल तर ते स्पष्ट लिहा आणि ती परत हवी आहे हेही लिहा.

नवा ड्राइव्ह आला की जुना लगेच परत देऊ नका. जुन्याने शेवटच्या महिन्यात लिहिलेल्या सगळ्या टेपा आणि कपाटातल्या सर्वांत जुन्या दोन-तीन टेपा नव्यावर पूर्ण वाचून पाहा. हेड मरायला टेकलेलं असताना लिहिलेली टेप कधीकधी त्याच ड्राइव्हवर अजून कशीबशी वाचता येते आणि नव्यावर अडते. अशी निघाली तर जुन्यावरून डेटा काढून घ्या, आणि मगच जुना ड्राइव्ह खोक्यात भरा.